सुटातल्या माणसाची थंडी

ऑफिसातून मेल आला. नव्या डिरेक्टरीसाठी प्रत्येकानं फोटो द्यायचा आहे. स्टुडिओत जायची गरज नाही, सोबतच्या लिंकवर साधा सेल्फी टाकला की ‘प्रोफेशनल’ फोटो तयार होऊन मिळेल. डबा खाऊन झाल्यावर खिडकीपाशी उभं राहून मी सेल्फी काढला. त्या दिवशी नारायणपेठी नेसले होते, वांगी रंगाची, धुऊन धुऊन मऊ पडलेली. लिंकवर फोटो टाकला, एक गोल थोडा वेळ फिरत राहिला आणि मग चार फोटो समोर आले. चारांतही मी निळ्या ब्लेझरमध्ये. आत पांढरा शर्ट, इस्त्रीची कॉलर. टिकली गायब. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांच्या जागी बारीक सोनेरी साखळी. खांदे दोन बोटं रुंद झालेले, आणि मुलुंड-कुर्ला-मुलुंड करून डोळ्यांखाली जे काही साठलंय ते साफ पुसलेलं. मागे कुठल्याशा काचेच्या इमारतीचा धूसर भास.

खोटं कशाला बोलू, बरी दिसत होते. लेकीला पाठवला तर तिचं लगेच उत्तर, ‘आई, तू सीईओ वाटतेस.’ चारांतला त्यातल्या त्यात कमी हसरा निवडून दिला आणि विसरून गेले. खटकलं ते नंतर, डिरेक्टरी उघडली तेव्हा. एका पानावर आमचा अख्खा मजला, आणि अख्ख्या मजल्यानं तोच ब्लेझर घातलेला. बाराही महिने क्रॉक्स आणि हाफ पँटमध्ये येणारा डेटा टीमचा पोरगा, निवृत्तीला टेकलेले आणि जन्मभर बुशशर्ट बाहेर सोडून वावरलेले अकाउंट्सचे साहेब, रोज कडक स्टार्चची साडी नेसणाऱ्या एचआरच्या मॅडम. गंमत अशी की आमच्या ऑफिसात ब्लेझर घालून कुणीच येत नाही. क्लायंट यायचा असला तर एखादा जाकीट चढवतो आणि क्लायंट लिफ्टपर्यंत पोचायच्या आत ते काढूनही टाकतो. आमच्यापैकी कुणी ज्या कपड्यांत कधी काम केलं नाही, तेच कामाचे कपडे, याबद्दल त्या प्रोग्रॅमला मात्र तिळमात्र शंका नव्हती.

यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते ढिगानं फोटो बघून शिकलं, आणि त्या ढिगात ‘काम करणारा माणूस’ म्हणून ज्याचे फोटो जास्त, त्याचे कपडे त्यानं आम्हाला चढवले. बीकेसीत, म्हणजे आमच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, खिडकीपाशी उभी राहिलेली नारायणपेठी त्या ढिगात कितीशी असणार? पण मला राहून राहून वाटत होतं की हा निळ्या कोटातला माणूस आपल्याला नवा नाही. फोटोत तो आत्ता दिसला इतकंच. एकाच खोलीत तर आम्ही कित्येक वर्षं बसतोय.

तो आमच्या एसीत राहतो.

मे महिन्यातली सकाळ घ्या. कुर्ला पश्चिमेला जिना उतरेपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटलेला असतो. शेअर रिक्षात मागे तिघी, पर्स पोटाशी. मिठी नदीचा तो ओला, आंबूस वास येऊन जातो, सिग्नलला धूर नाकात बसतो. ऑफिसच्या काचेच्या दारातून आत पाऊल टाकलं की पहिली दोन मिनिटं स्वर्ग. मग तोच घाम पाठीवर गार पडतो आणि शिरशिरी येते. साडेदहाच्या सुमाराला खुर्च्यांच्या पाठीवरून एकेक वस्तू खाली उतरू लागते: कुलूची शाल, नवऱ्याचं जुनं जर्किन, कुणाचा स्टोल, आणि एकीची तर चक्क गोधडी, तिच्या आजीनं शिवलेली. बाहेर टँकरवाला बनियनवर आणि आत आम्ही गोधडीत. संध्याकाळी उलटं. दाराबाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते आणि समोर आलेली बस कुठली ते क्षणभर वाचता येत नाही.

ही थंडी ठरवली कुणी, याचा एका कंटाळवाण्या दुपारी शोध घेतला तेव्हा या गृहस्थाचा पत्ता लागला. कपड्यांची ऊब मोजायचं एक माप आहे, ‘क्लो’ नावाचं. १९४१ साली तीन शास्त्रज्ञांनी ते ठरवलं. २१ अंश तापमानात, कोरड्याशा हवेत स्वस्थ बसलेल्या माणसाला ज्या कपड्यांत गरमही होत नाही आणि थंडीही वाजत नाही, त्या कपड्यांची ऊब म्हणजे एक क्लो. आणि ते कपडे म्हणजे ऑफिसला जाणाऱ्या पुरुषाचा तेव्हाचा सूट. पुढे डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी १९७० साली माणसाला सुखाची हवा कोणती याचं गणित मांडलं, आणि जगभरच्या इमारतींतली थंडी त्या गणितावर बेतली जाऊ लागली. या हिशेबांत शरीराची उष्णता म्हणून जी धरली जाते ती ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाची, हे २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं. बायकांचं शरीर त्यापेक्षा बरीच कमी उष्णता तयार करतं. थोडक्यात, आमच्या मजल्यावर एक चाळिशीचे, सत्तर किलोचे, सुटातले गृहस्थ कायम बसलेले असतात. पगार घेत नाहीत, दिसत नाहीत, पण हवा त्यांच्या अंगाच्या मापानं शिवून घेतलेली.

जपान सरकारनं २००५ साली हे उलटं फिरवून पाहिलं. उन्हाळ्यात कचेऱ्यांतला एसी २८ अंशांवर ठेवा आणि त्यासाठी टाय-कोट उतरवा, असा फतवा निघाला. पंतप्रधान स्वतः बिनटायचे वावरू लागले. आपल्याकडे २०२० पासून खोलीत बसवायचे नवे एसी चालू केले की आपोआप २४ वर येतात. पण ते घरच्या एसीचं. काचेच्या इमारतीतल्या मध्यवर्ती एसीचा रिमोट कुणाच्या हातात असतो, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

तसं पाहिलं तर यंत्रानं हवा मागायची आणि माणसानं त्या हवेप्रमाणे कपडे करायचे, ही मुंबईची जुनीच रीत. ताडदेवला पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली तेव्हापासूनची. माझे एक चुलतसासरे परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून साचेखात्यात मुद्दाम दमट हवा ठेवायचे. आधीच मुंबई, त्यात आणखी ओलावा, आणि खिडक्या बंद. एका लग्नात जेवणं आटोपून आम्ही बसलो होतो तेव्हा मी विचारलं, काका, कामावर काय घालायचात तुम्ही? म्हणाले, ‘काय घालणार? अर्धी चड्डी आणि गंजीफ्रॉक. तोही तासाभरात पिळून काढावा असा. नाकाला रुमाल. कापड आम्ही विणायचो, पण अंगावर ठेवायची सोय नव्हती.’ पाळी सुटली की मात्र पांढराशुभ्र लेंगा-शर्ट चढवून, केसांतला कापूस झटकून बाहेर पडायचं. गेटाबाहेर आपण गिरणीतले दिसू नये म्हणून का, असं विचारलं तर रागावले. ‘दिसलं तर काय झालं? घामाचे कपडे वेगळे आणि माणसात जायचे वेगळे.’ १९८२ च्या संपानंतर त्यांना माणसात जायच्याच कपड्यांत घरी बसावं लागलं. त्या भागातल्या गिरण्यांच्या जागांवर आता काचेची ऑफिसं आहेत, आणि खिडक्या तिथेही उघडत नाहीत.

एसीचा जन्मसुद्धा माणसासाठी झालेला नाही. विलिस कॅरियरनं १९०२ साली जी यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेनं कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. कागदाला मानवेल अशी हवा केली. छापणाऱ्यांना ती आयती मिळाली.

हे वाचलं तेव्हा मला आईची बँक आठवली. आई फोर्टात एका बँकेत क्लार्क होती. तिचे ऑफिसचे कपडे बँकेनं नाही, लोकलनं ठरवले होते. सुती साडी गर्दीत दोन स्टेशनांत चुरगळते, पावसाळ्यात दोरीवर दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून सिंथेटिक. बारीक फुलांची, रात्री धुतली की सकाळी कोरडी. आतून परकरापर्यंत घाम, बाहेरून सुरकुती नाही. खांद्याला पिन, निऱ्यांना पिन, आणि पर्समध्ये जादा पिनांचा झुबका, जो लेडीज डब्यात ओळख असो-नसो कुणालाही मिळायचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीला तिच्या शाखेत लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारी यंत्रं आली. सगळे त्यांना एएलपीएम म्हणत. युनियनचा विरोध होता. आई काही दिवस पदराला काळी फीत टाचून कामावर जायची. फितीला न जुमानता यंत्रं आलीच. त्यांच्यासाठी शाखेच्या कोपऱ्यात काचेचं पार्टिशन घालून खोली केली आणि त्या खोलीला एसी बसवला. मॅनेजरच्या केबिनला तोवर नुसता पंखा होता. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, यंत्राला धूळ नको म्हणून. मे महिन्याच्या सुट्टीत आई मला कधी बरोबर न्यायची, तेव्हा त्या दारापाशी चपलांचा ढीग आणि आत गार फरशीवर एका पायानं दुसरा पाय घासत बसलेल्या बायका, हे मी काचेला नाक लावून बघत असे.

आईचा महाबळेश्वरच्या सहलीसाठी विणलेला राखाडी स्वेटर मग बँकेतच राहायला गेला. सिंथेटिक साडीवर लोकरीचा स्वेटर आणि वर एसीची कोरडी हवा. स्वेटर काढताना चट् चट् आवाज यायचा, लोखंडी कपाटाला बोट लागलं की झटका बसायचा, आणि त्यानं मशीन बिघडेल म्हणून साहेब ओरडायचे. यंत्रासाठी थंडी, थंडीसाठी स्वेटर, आणि स्वेटरमुळे पुन्हा यंत्राचीच काळजी. काउंटरवरच्या बायकांना तरीही आतल्या बायकांचा हेवा वाटायचा. दुपारी कुणी ना कुणी ‘एक एंट्री बघायची होती’ म्हणत आत शिरायची आणि चांगली पाच मिनिटं उभी राहायची. घरी आल्यावर आई म्हणायची, ‘आज खोलीत होते.’ हे कौतुकानं असायचं की तक्रारीनं, ते तेव्हा मला उमगलं नाही. परवा विचारलं. म्हणाली, ‘दोन्ही. मान होता. आणि सांधे तेव्हापासूनच धरलेत.’

मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या आणि पहिल्यांदाच कपड्यांवरची लोकलची हुकमत संपली. एसीचीही संपली. तिथे कॅमेरा येऊन बसला. आपल्याला तो छातीपासून वरच बघतो, त्यामुळे वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली गाऊनचा उरलेला भाग, हे तर सगळ्यांनीच केलं. मला मौज वाटली ती मागची भिंत धूसर करायच्या सोयीची. प्रोग्रॅमला चित्राच्या ठिपक्या-ठिपक्याचा निकाल लावायचा असतो, हा माणूस की ही भिंत. पदराच्या बाबतीत त्याचा हमखास गोंधळ. मी हात हलवून बोलू लागले की पदर भिंतीत जायचा, परत यायचा, परत जायचा. मोकळ्या केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसायच्या. बारीक चौकडीची इरकल पडद्यावर वळवळायला लागते, हेही तेव्हाच कळलं. हळूहळू मी कॅमेऱ्याला सोसतील असे कपडे घालू लागले: एकरंगी, अंगाबरोबर, पदर नसलेले. कुणी सांगितलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं त्या मे महिन्यात वकिलांना ऑनलाइन सुनावणीपुरती कोट-गाऊनची सक्ती माफ केली, पांढरा शर्ट किंवा पांढरी साडी आणि गळ्याला पांढरा बँड पुरे म्हणून. मुंबईच्या उकाड्यात काळ्या कोटात पिढ्यान्‌पिढ्या घामाघूम झालेल्यांना ती माफी मिळायला साथ यावी लागली, आणि साथ ओसरल्यावर कोट परत आले.

सरकारी कचेऱ्यांसाठी राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढलं: जीन्स-टीशर्ट नको, स्लिपर नको, गडद आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, आणि शुक्रवारी खादी. इकडे बीकेसीत शुक्रवार म्हणजे जीन्सचा वार. एकाच शहरातला एकच शुक्रवार.

फोटोचं सांगायचं राहिलं. माझा मूळचा सेल्फीच लावा, असं मी एचआरला कळवलं. उत्तर आलं की मग डिरेक्टरी एकसारखी दिसणार नाही. यावर मी चांगली तावातावानं डब्याच्या टेबलावर बोलत होते, तर अकाउंट्सचे साहेब म्हणाले, ‘मी तर माझा मोठा करून फ्रेम करून घेतलाय, मॅडम. जन्मात सूट शिवला नाही. लग्नातला भाड्याचा होता, तोही ढगळ.’ मोबाइलवर दाखवला त्यांनी. रुबाबदार दिसत होते, खरंच. माझं भाषण तिथेच आटपलं. जिच्या कपाटात साड्यांची चळत आहे तिला ब्लेझर उपरा वाटणं सोपं असतं, हे त्यांनी अर्थातच म्हटलं नाही. मला वाटलं.

कुणीही वरून न सांगता ठरलेला गणवेश मी आयुष्यात एकच पाहिला, नवरात्रातल्या नऊ रंगांचा. वरून न सांगता म्हणजे, महाराष्ट्र टाइम्सनं वीसेक वर्षांपूर्वी यादी छापायला सुरुवात केली, पण सक्ती कुणाचीच नव्हती. सोमवारी पांढरा, गुरुवारी पिवळा. त्या दिवसांत ठाण्याच्या फलाटावर लेडीज डबा येऊन थांबतो तेव्हा आत नुसता रंग भरलेला असतो. ऑफिसात केर काढणाऱ्या मावशी आणि व्हाइस प्रेसिडेंट बाई लिफ्टमध्ये एकाच हिरव्यात. याला धर्माचं, परंपरेचं वगैरे म्हणणारे म्हणोत. मला ती नोकरदार बायकांनी स्वतःच्या हौसेसाठी काढलेली पळवाट वाटते. तरी करड्या रंगाच्या आदल्या संध्याकाळी दादरला तोबा गर्दी उसळते तेव्हा धाकधूक होतेच. मावशींनी एकदा एका दिवसापुरती शेजारणीची मोरपंखी साडी मागून आणली होती. ‘नाहीतर फोटोत मी एकटीच वेगळी दिसले असते,’ म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

आमच्या सोसायटीच्या गेटवर परवा सामान द्यायला आलेला पोरगा, बावीस-तेवीसचा असेल. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि त्यावर कंपनीचा भडक टीशर्ट. दुपारचा एक वाजलेला. एवढ्या उन्हात दोन-दोन कपडे कशाला रे, मी विचारलं. ‘वरचा पॉलिस्टरचा आहे ताई, टोचतो. म्हणून आत आपला.’ मग वरचा काढ की. ‘फोटो मागतं ना अ‍ॅप. मध्येच कधीही. टीशर्ट दिसला नाही तर लॉगिन बंद.’ माणूस तपासत नाही का, म्हटलं. ‘माणूस असता तर सांगितलं असतं ना त्याला, ऊन आहे म्हणून.’ बोलता बोलता त्यानं बाटलीतलं पाणी मानेवर ओतलं. टीशर्टवरून ते न मुरता ओघळून गेलं. पाच तारे द्या म्हणाला आणि गेला. त्याच्या कामात थंड हवेची खोली कुठेच नाही. गणवेश तपासणारं यंत्र मात्र त्याच्या खिशातच असतं.

त्यानंतर मी ऑफिसची देखभाल बघणाऱ्या फॅसिलिटीच्या दादांना गाठलं. वर्षानुवर्षं अख्खा मजला कुडकुडतो आणि कुणी विचारत नाही, मीही नाही विचारलेलं. आईच्या बँकेची आठवण डोक्यात होती, म्हणून आधी अंदाज घेतला: सर्व्हर रूममुळे एवढं थंड ठेवावं लागतं का? दादा हसले. ‘मॅडम, सर्व्हर कधीच गेले. सगळं ऐरोलीला, डेटा सेंटरला. इथे मशीनसाठी एसी लागतच नाही आता. ही थंडी माणसांसाठीच आहे.’ मग २४ करा. केलं त्यांनी, तक्रार न करता. मला वाटलं होतं परवानग्या लागतील. दुपारी तीन-साडेतीनला सेल्सच्या बाजूनं दोन मेल गेले, कोंदटतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा २१. दादा स्वतः माझ्या टेबलापाशी आले, जरा ओशाळून.

‘तुम्हाला त्या खांबाजवळची जागा देऊ का? तिथे झोत येत नाही.’

चालेल की, मी म्हटलं.

‘फक्त वाय-फाय नीट पकडत नाही तिथे.’